थांब म्हटलं की थांबणारं सॉफ्टवेअर

हिंगणघाटच्या एका दातांच्या डॉक्टरांकडून आम्ही ते यंत्र जुनं विकत घेतलं. टेम्पोत चढवण्याआधी डॉक्टरांनी त्याच्यावरची चादर काढली, नीट घडी घातली आणि घरात नेऊन ठेवली. चादर नवी आहे, असं ते म्हणाले. यंत्राबद्दल त्यांनी तसं काही म्हटलं नाही.

लाकडावर अक्षरं आणि नक्षी कोरणारं, हौशी लोकांसाठी असतं तसलं ते छोटं सीएनसी होतं. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, कॅरम बोर्डाएवढं टेबल आणि त्यावर मागे-पुढे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकणारी एक मोटर. मोटरच्या टोकाला काडीएवढं पातं. कॉम्प्युटर सांगेल तिकडे ते पातं जातं आणि वाटेत येणारं लाकूड कुरतडत राहतं. लॉकडाऊनमध्ये दवाखाना बंद होता आणि हात स्वस्थ बसेनात, म्हणून डॉक्टरांनी ते घेतलं होतं. त्यावर त्यांनी दोन किचेन आणि एक लाकडी दाढ केली. मग दवाखाना उघडला, खऱ्या दाढा परत आल्या आणि यंत्र चादरीखाली गेलं.

वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या आमच्या घरी टेम्पो आला तेव्हा नवरा फाटकात उभा होता. "दातवाल्या डॉक्टरचं हाय म्हनल्यावर आवाज काई नवा नाई लागनार," एवढंच तो म्हणाला आणि एका बाजूनं यंत्र उचलू लागला. तो एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होता. लोक त्याला कंट्रोलर म्हणत. तीस वर्षं तो एका खिडकीत बसून गाड्या सोडत होता, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे तो ती सुटते की नाही, एवढ्याच नजरेनं पाहतो.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. इंजिनिअर नकाशा आखणार, आरेखक तो नीट काढणार, आणि मी त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवणार, असं ते काम. आखणं माझं नाही, तपासणं माझं नाही, मंजुरी तर नाहीच नाही. अक्षर मात्र माझं. जिल्ह्यातल्या कितीतरी नकाशांवर 'कालवा' हा शब्द माझ्या हातचा आहे आणि कालवा झाला नाही तिथेही तो शब्द सुरेख आला आहे. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, नकाशे त्यांच्यावर निघू लागले आणि मला आवक-जावकच्या टेबलावर बसवण्यात आलं. नोकरीची शेवटची वर्षं मी येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारत काढली. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. अक्षराचा उल्लेख राहून गेला.

यंत्र घेण्याचं कारण अल्लीपूरला होतं. तिथे माझं माहेर. विहाराच्या बाजूच्या खोलीत तिथल्या बायकांनी वाचनालय काढायचं ठरवलं होतं आणि त्यात माझी वहिनी पुढे होती. एक दिवस तिचा फोन आला. जयभीम झाला, तब्येती झाल्या, मग ती मुद्द्यावर आली. दारावर बोर्ड पाहिजे. फ्लेक्स नको, दोन उन्हाळ्यांत उडून जातो. लाकडाचा पाहिजे आणि त्यावर माझंच अक्षर पाहिजे.

आवक-जावकला बसल्यापासून माझं अक्षर कोणी मागितलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. फळीवर अक्षर काढून एखाद्या सुताराकडून कोरून घेतलं असतं तर आठवड्यात काम झालं असतं. नवऱ्यानं हे सुचवलंही. पण ज्या जातीच्या यंत्रानं माझं टेबल घेतलं त्याच जातीच्या यंत्राकडून मला माझं अक्षर गिरवून घ्यायचं होतं. हे कारण मी घरात सांगितलं नाही. मशीनमुळे बारकावा चांगला येतो, असं सांगितलं.

यंत्रासोबत डॉक्टरांचा जुना कॉम्प्युटर आला होता आणि त्यात यंत्र चालवायचं सॉफ्टवेअर भरलेलं होतं. मागच्या खोलीतले पापड-कुरड्यांचे डबे हलवून आम्ही सगळं मांडलं. मला तोवर वाटत होतं की सॉफ्टवेअर एकच असतं. कळलं की तीन लागतात. एकात अक्षर काढायचं. दुसरं त्या अक्षराच्या वाटा आखतं, म्हणजे इथून इथे जा, इतकं खाली उतर, अशी यादी बनवतं. आणि तिसरं ती यादी वाचून यंत्राला प्रत्यक्ष चालवतं. पहिली दोन मला आठवडाभरात जमली. आखणं आणि गिरवणं मी ओळखत होते. चालवण्याचा मला अनुभव नव्हता.

कोरण्याच्या पहिल्या दिवशी मी पाइनच्या तुकड्यावर 'वाचनालय' कोरायला घेतलं. यंत्र घरघरलं, पातं उतरलं, एका जागी थरथरल्यासारखं हललं आणि पुन्हा वर आलं. मला वाटलं सुरुवात झाली. ते काम संपलं होतं. फळीच्या मधोमध मोठ्या टिकलीएवढा एक खळगा पडला होता. मी मापं इंचात दिली होती आणि यंत्रानं तेवढेच मिलिमीटर धरले होते. दोन फुटांचं वाचनालय बोटाच्या एका पेरात बसवल्यावर पाचही अक्षरं एकमेकांत विरघळली होती. नवऱ्यानं चष्मा लावून ते पाहिलं आणि पुस्तकंही याच मापाची आणायची का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी इंच-मिलिमीटरचा घोळ निस्तरला. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. ती काही वर्षं जुनी होती. आयुष्यभर तारखेचे शिक्के मारलेल्या बाईला ते बघवणार नव्हतं. मी तारीख बरोबर केली. यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर बंद पडलं. मुदत संपली आहे, असा इंग्रजी निरोप आला आणि तो काही केल्या जाईना.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मला दुखऱ्या दाताबद्दल विचारावं तशा हळुवार आवाजात विचारलं, "तारीख बदललीत का?"

मी हो म्हटलं. मग उलगडा झाला. ते सॉफ्टवेअर फुकट वापरायच्या मुदतीचं होतं. मुदत संपू नये म्हणून डॉक्टरांनी कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन ठेवली होती आणि रोज सकाळी ती पुन्हा मागे जाईल अशी व्यवस्था करून ठेवली होती. त्या कॉम्प्युटरवर कायम एकच दिवस होता. मी तो पुढे नेला. आता तारीख मागे घेऊनही उपयोग नव्हता, कारण सॉफ्टवेअरला कळून चुकलं होतं. डॉक्टरांनी कुलूप तोडलेली दुसरी प्रत पेनड्राइव्हवर द्यायची तयारी दाखवली.

मी नाही म्हटलं. ऑफिसच्या झेरॉक्सवर मी दोन्ही पोरींच्या दहावी-बारावीच्या नोट्स काढल्या होत्या, तेव्हा माझ्या मनाला काही टोचलं नव्हतं. पण चोरीचं सॉफ्टवेअर म्हटल्यावर मान ताठ झाली. शिवाय विहाराच्या बोर्डाचं काम होतं. मी डॉक्टरांना सांगितलं की आम्ही रीतसर निवड करू.

रीतसर या शब्दानं पुढचे पाच महिने खाल्ले.

सुरुवात मी पवनारपासून केली. माझ्यासोबत काम केलेले आरेखक निवृत्तीनंतर तिथे राहतात. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. धाम नदीच्या पुलापाशी बसमधून उतरून त्यांच्या घरी गेले तेव्हा ते अंगणात एका उघड्या कॉम्प्युटरवर फुंकर मारत बसले होते. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच मार्ग सांगितला. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली एक प्रणाली आहे, ती फुकट आहे, खुली आहे, तिच्या आत काय चाललंय ते आपल्याला वाचता येतं. ज्याच्या आतलं दिसत नाही ते सॉफ्टवेअर माणसानं घरात आणू नये, असं त्यांचं मत होतं. मी चहा पिताना विचारलं, त्यांनी आतलं वाचलं आहे का. ते म्हणाले, "अजून नाही. पण वाचता येतं, हे महत्त्वाचं."

दुसरा सल्ला वर्ध्याच्या बाजारातून आला. तिथे स्टेशनरीचं एक जुनं दुकान आहे. त्या घरच्या सुनेनं दुकानाच्या मागच्या भागात लेझरचं यंत्र लावलं आहे आणि ती लग्नपत्रिका, नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या कापून देते. ती माझ्याशी बोलताना एका हातानं गिऱ्हाइकाला ट्रॉफी बांधून देत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. पत्त्याच्या कॅटएवढं एक छोटं बोर्ड मिळतं, ते यंत्राला जोडायचं, यूएसबीची वायर लॅपटॉपला लावायची आणि एक फुकटचं साधं सॉफ्टवेअर टाकायचं. ती स्वतः तेच वापरत होती. मी विचारलं, त्यात उणीव काय आहे. तिनं जरा आठवून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, मी तर कधी बघितलीच नाही. काम निघून जातं."

या उत्तरानं माझा त्या सॉफ्टवेअरवरचा विश्वास कमी झाला. खात्यात असताना ज्या प्रस्तावात त्रुटी नसे तो आम्ही सर्वात आधी परत पाठवत असू.

तिसरा पर्याय म्हणजे डॉक्टरांचंच सॉफ्टवेअर, पण हक्कानं विकत घेतलेलं. त्याच्या विक्रेत्याला मी मेल लिहिली. उत्तर लगेच आलं आणि त्यात माझ्या प्रश्नाबद्दल आभार होते. प्रश्नाचं उत्तर पुढच्या मेलमध्ये येणार होतं. पुढच्या मेलमध्ये पुन्हा आभार होते.

मग मी तुलनात्मक तक्ता करायला घेतला. मोठा कागद, पट्टी, जुनी शाईची पेनं. सॉफ्टवेअरचं नाव, कोणत्या कॉम्प्युटरवर चालतं, वायर कोणती, शिकायला किती अवघड, अडलं तर कोण धावून येणार, आणि शेवटी शेरा. तक्त्याचा फोटो मी भाऊंना पाठवला. त्यांनी चार रकाने वाढवून पाठवले. मी नव्यानं तक्ता आखला. इतका देखणा तक्ता मी नोकरीतही काढला नव्हता. वहिनीचा दर रविवारी फोन यायचा आणि मी सांगायची की निवड शेवटच्या टप्प्यात आहे. हे वाक्य मी आवक-जावकला बसून गावोगावच्या सरपंचांना किती वेळा ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. पलीकडच्या बाजूनं ते कसं लागतं, हे मला त्या वेळी जाणवलं नाही.

तक्ता भरायचा तर प्रत्यक्ष चाचणी हवी. तिन्ही सॉफ्टवेअर एकेक करून चालवून पाहायचं ठरलं.

भाऊ स्वतः पवनारहून आले. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून त्यांनी आपली प्रणाली टाकली. मग कॉम्प्युटर यंत्राला वेळेवर हुकूम देऊ शकतो की उशीर करतो, याची परीक्षा सुरू केली. पडद्यावर एक रेघ नाचत होती आणि भाऊ खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. ते जेवले, थोडे लवंडले, पुन्हा बघू लागले. संध्याकाळी त्यांनी निकाल उत्तम आहे असं जाहीर केलं आणि शेवटच्या बसनं गेले. यंत्र दिवसभरात केसभरही हललं नव्हतं.

दुकानातली सून रविवारी स्कूटीवर आली. बोर्ड जोडलं, माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं आणि चहा होईस्तोवर यंत्रानं एक चौकोन कापून दाखवला. चौकोनाचे कोपरे काटकोनात होते, मी गुण्यानं तपासले. ती गेल्यावर नवरा म्हणाला की झालं आता. मी म्हटलं, तिसऱ्याची चाचणी बाकी आहे.

तिसऱ्याची चाचणी मी एका पोरीच्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतली, मुदतीच्या फुकट प्रतीवर. पाइनच्या फळीवर माझं अक्षर उमटू लागलं. 'व' च्या पोटाचा गोल माझ्या डोळ्यांसमोर असा वळला की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. काना आला. 'च' आला. आणि यंत्र थांबलं. डॉक्टरांच्या प्रतीत नव्हतं, पण या नव्या फुकट प्रतीत यादीतल्या ठरावीक ओळींपर्यंतच काम होतं, पुढचं विकत घेतल्यावर, असा निरोप होता. फळीवर डावीकडे मोठ्या अक्षरात 'वाच' एवढंच होतं. उरलेली फळी कोरी.

मी ती फळी स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली आणि तक्त्यात या पर्यायापुढे 'अपूर्ण' असा शेरा लिहिला.

त्याच आठवड्यात वहिनी वर्ध्याला दवाखान्यात आली होती, ती घरी आली. पाणी प्यायली आणि तिची नजर फळीवर गेली. ती उठून जवळ गेली, लांबून पाहिलं, पुन्हा जवळून पाहिलं.

"बाई, हे झालेलं हाय त तुमी मले काऊन सांगत नाई?"

मी समजावलं की हे अर्धवट आहे, पुढची तीन अक्षरं यायची आहेत, सॉफ्टवेअरची निवड झाली की येतील. तिनं ऐकून घेतलं.

"पोराबारांना वाच म्हनाचं, एवढंच त हाय आपलं," ती म्हणाली. "बाकीचं कोराचं राह्यलं त राहू द्या. मी घेऊन जातो."

मी नको नको म्हणत होते आणि नवरा कोऱ्या बाजूनं करवत चालवून फळी कापून देत होता. करवतीला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही, हेही त्यानं सांगितलं. वहिनी फळी ओढणीत गुंडाळून पाचच्या बसनं गेली.

पुढच्याच रविवारी वाचनालय उघडलं. आम्ही दोघं अल्लीपूरला गेलो. खोली रंगवली होती, दोन कपाटं, चार बाकं, सतरंजी. दारावर माझी अपूर्ण फळी खिळ्यांनी ठोकली होती आणि तिला झेंडूची माळ होती. भाषणं झाली. कोणीतरी माझंही नाव घेतलं आणि एका गुरुजींनी सांगितलं की ताईंनी किती विचारपूर्वक एकच शब्द निवडला आहे, वाच, यात सगळं आलं. टाळ्या पडल्या. फुकट प्रतीची मर्यादा तिथेच संपली होती, हे सांगायला मी उठले नाही. पाच महिने खपून मी काहीच निवडलं नव्हतं आणि लोक माझ्या निवडीचं कौतुक करत होते. मला गुदगुल्या झाल्या आणि लाजही वाटली. लाज थोडी उशिरा वाटली, हे कबूल करते.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. नवरा म्हणाला की त्याला तक्त्यात एक गोष्ट सापडली नाही. मी विचारलं, कुठली.

"थांब म्हनलं त थांबते का ते?"

मला वाटलं चेष्टा आहे. पण तो गंभीर होता. आगारात नवा ड्रायव्हर आला की तो बाकी काही विचारत नसे, गाडी आवारात फिरवायला लावायचा आणि मध्येच हात दाखवायचा. गाडी पळवता सगळ्यांना येते, तो म्हणाला. माझ्या तक्त्यात तोवर अठरा रकाने झाले होते. थांबण्याचा एकही नव्हता. सगळ्या नकाशांत मी पाणी कुठून कुठे जाणार ते गिरवलं होतं, आणि ते अडवणारे दरवाजे कुठे आहेत तेही गिरवलं होतं, तरी हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. विकतच्या सॉफ्टवेअरच्या त्याच फुकट प्रतीवर यंत्र चालू केलं. फळी धरून ठेवायला तिच्या कडेला लोखंडी पकड लावलेली होती आणि मी वाट आखताना ती पकड हिशेबात घेतली नव्हती. पातं तिच्या दिशेनं निघाल्यावर माझ्या लक्षात आलं. नवरा म्हणाला, थांबव. मी माऊस धरला, बाण शोधला, थांबायच्या चौकोनावर नेला, दाबलं. सॉफ्टवेअरनं मला अदबीनं विचारलं की तुम्हाला नक्की थांबायचं आहे का. मी 'हो' कुठे आहे ते पाहत असताना पातं पकडीवर आदळलं, मोडलं आणि नवऱ्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रुतलं. मोटर लोखंडावर खरखरत होती. त्यानं वाकून प्लग उपसला.

खोलीत एकदम शांतता झाली. त्यानं कानाला हात लावून पाहिला. रक्त नव्हतं. तो बाहेर गेला आणि तासाभरानं वर्ध्याहून एक लाल, भोपळ्यासारखं फुगीर बटण घेऊन आला. कारखान्यात मोठ्या मशिनींना असतं तसं, थाप मारली की वीजच तोडणारं. ते त्यानं यंत्राच्या मुख्य वायरीत बसवलं, टेबलाच्या कडेला, उभ्या माणसाच्या हाताला येईल असं. सॉफ्टवेअर कुठलंही घे, पण हे आधी, असं त्याचं म्हणणं पडलं. त्या दिवसापासून बटणाला हात लागेल अशा ठिकाणी उभं राहिल्याशिवाय आम्ही यंत्र सुरू केलं नाही, आणि डोळ्यांवर जाड चष्मे चढवू लागलो. त्या चष्म्यात तो डॉक्टरांचा मदतनीस दिसतो.

मग उरलेल्या दोघांची परीक्षा. भाऊंच्या प्रणालीची गंमत अशी निघाली की थांबायचं बटण तिलाही जोडल्याशिवाय ती सुरूच व्हायला तयार नव्हती. याबद्दल मला तिचा आदर वाटला. जोडल्यावर ती थांबायची उत्तम. पुन्हा सुरू करायला मात्र पवनारला फोन लावावा लागे, आणि भाऊ दुपारी दोन ते चार फोन घेत नाहीत.

दुकानातल्या सुनेचं साधं सॉफ्टवेअर शेवटी. धावत्या यंत्राला मी पडद्यावरून थांब म्हटलं. ते तिथल्या तिथे थांबलं. कसलाही प्रश्न विचारला नाही. पण पुन्हा चालू करायला गेले तर आपण कुठे उभे आहोत हेच ते विसरलं होतं. मध्येच झटक्यानं थांबवलं की त्याचा शून्य हरवतो, म्हणजे मोजायला जिथून सुरुवात केली ती जागा. म्हणजे तिनं कधी न पाहिलेली उणीव मला सापडली होती. मला फार बरं वाटलं.

आणि त्या बरं वाटण्यातच माझा निर्णय झाला. कारण जागा हरवणं ही माझ्या कामातली रोजची अडचण होती. पारदर्शक कागद जेवणाच्या सुट्टीत उचलावा लागला तर पुन्हा तंतोतंत बसवायचा कसा? कोपऱ्यांत बारीक फुल्या करायच्या. फुलीवर फुली ठेवली की कागद जागेवर. मी यंत्राच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात अणकुचीदार पेन्सिलीनं फुली काढली, नवऱ्यानं तिथे बारीक भोक पाडलं. यंत्र विसरलं की पात्याचं टोक त्या भोकावर नेऊन ठेवायचं आणि त्याला सांगायचं, हा तुझा शून्य. आम्ही हे पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा ते जिथल्या तिथे आलं.

तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: विसरतं, पण सांगितलेलं ऐकतं. तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला. दुकानातल्या सुनेला फोन करून सांगितलं की आम्ही तिचंच सॉफ्टवेअर निवडलं आहे. तिला आश्चर्य वाटलं. तिला वाटत होतं की ती येऊन गेली त्या रविवारपासून आम्ही तेच वापरतो आहोत.

मग सागवानाच्या फळीवर पूर्ण 'वाचनालय' कोरायला घेतलं. त्याची आता कोणाला गरज नव्हती, पण मला होती. कागदावर शाईनं अक्षरं काढली, स्कॅन केली, वाटा आखल्या, पकडी वाटेबाहेर लावल्या. 'ल' च्या मध्यावर वीज गेली. आधीच्या दिवसांत मी रडले असते. वीज आली, पातं भोकावर नेलं, शून्य सांगितला, 'ल' पुढे सुरू झाला. जोडाच्या जागी केसभर पायरी पडली आहे. ती माझ्याशिवाय कोणाला दिसणार नाही असं मी धरून चालले होते. भाऊंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "ल मध्ये काय झालं?"

तेलपाणी झालेला बोर्ड घेऊन आम्ही अल्लीपूरला गेलो. खोलीत पाच-सात माणसं होती. एक म्हातारे शेतकरी बाकावर पेपर उघडून बसले होते, त्यांचा फोन वाजला. "वाचात बसून राह्यलो," ते फोनवर म्हणाले. "येतो अर्ध्या घंट्यानं." मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली की सगळे तसंच म्हणतात. वाचात गेलतो, वाचात विसरलो, वाचाची किल्ली कोणाजवळ हाय. वाचनालय म्हणेपर्यंत माणूस दारातून आत येऊन बसतो.

तिनं माझा बोर्ड मन लावून पाहिला. अक्षरावरून बोट फिरवलं आणि खूप सुंदर आलं आहे म्हणाली. ते खरंच सुंदर आलं होतं. पण दारावरचा काढायला ती तयार नव्हती आणि इतकं चांगलं सागवान उन्हापावसात लावायलाही तयार नव्हती. तो आत, कपाटांच्या वर लागला. म्हणजे वाचनालय आहे हे ज्यांना बसल्या जागी माहीत आहे, त्यांनाच तो दिसतो.

निघताना वहिनीनं मला बाजूला घेतलं. एक छोटं काम होतं. लोक चपला घालून सतरंजीवर येतात, सांगून सांगून ती थकली होती. मी घरी येऊन दुसऱ्या दिवशी दुपारी 'चपला बाहेर ठेवा' असा वीतभर बोर्ड कोरला. तक्ता नाही, चाचणी नाही, भाऊंना फोटो नाही. पुढच्या फेरीला गेले तेव्हा तो उंबरठ्याशी लागलेला होता आणि त्याच्याखाली चपलांची रांग होती. मी माझ्याही काढल्या आणि आत गेले.